घाटात दम सोडणारी गाडी

बद्रीनाथने स्टिअरिंगखालच्या खाचेत स्कॅनरची पिन बसवली, चावी फिरवली आणि चष्मा कपाळावर सरकवून पडद्यावरच्या ओळी वाचल्या. मग चष्मा खाली घेऊन पुन्हा वाचल्या. ओळी त्याच होत्या.

"टर्बो ओ देत नाही," तो म्हणाला.

खंडेराव उघड्या बॉनेटपाशी उभा होता. त्याची आई सुगंधाबाई गॅरेजच्या दारातल्या स्टुलावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. तिने तिथूनच विचारलं,

"मेला का त्यो?"

"मेला असता तर बरं झालं असतं, मावशी. मेलेल्याचं निदान सोपं असतं. हा मधेच बोलतो, मधेच मुका होतो." समजावून सांगताना बद्रीनाथला दोन्ही हात लागत. "हे बघा, टर्बो म्हणजे इंजिनाला जादा हवा फुंकून देणारा पंखा. किती फुंकायचं ते कॉम्प्युटर त्याला तारेवरून सांगतो. तो तिकडून कळवतो की हौ, एवढं फुंकलं. हे बोलणं चालू पाहिजे. बोलणं तुटलं की कॉम्प्युटर घाबरतो आणि गाडीची ताकद काढून घेतो. सपाटीला कळत नाही. चढाला लागली की बैलगाडी."

"म्हणजे टर्बो बदलायचा?" खंडेरावने विचारलं. आधीच्या गॅरेजवाल्याने तेच सांगितलं होतं.

"मी म्हटलं का बदलायचा? माणूस फोन उचलत नाही म्हणून त्याचं तेरावं घालतोस काय? रेंज नसेल त्याला."

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि अंबिका उतरली. जालना रोडची धूळ तिच्या केसांवर बसली होती. ती आली आणि सासूपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"आलीस? ऊन लागलं असंल, पानी पी," सुगंधाबाई म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली.

बद्रीनाथने गाडीकडे पाहिलं, रिक्षाकडे पाहिलं. सात माणसांची गाडी होती. पण लोकांच्या घरातलं आपल्याला काय करायचंय, असा चेहरा करून तो पुन्हा बॉनेटमध्ये वाकला.

घरातून तिघं एकाच वेळी निघाली होती. शेंद्र्याजवळच्या त्यांच्या गावातून दोघं गाडीने आली आणि तिसरी, दोन रिक्षा बदलून, मागून. या गॅरेजचा पत्ता मात्र तिनेच शोधला होता. शेंद्र्याच्या ज्या कंपनीत ती पॅकिंगला होती, तिथल्या सुरेखाताईंनी सांगितलं होतं की चिकलठाण्याच्या अलीकडे बद्रीनाथ म्हणून आहे, बडबड फार करतो, पण दोष सापडल्याशिवाय पार्टला हात लावत नाही.

लग्न वैशाखात झालं होतं. नव्या जोडप्याने जेजुरीला जाऊन खंडोबाच्या पाया पडायचं, नवऱ्याने बायकोला उचलून चार पायऱ्या चढायच्या, ही त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. खंडेरावचे मित्र त्याला महिनाभर आधीपासून बैठका मारायला सांगत होते. पायऱ्यांची वेळच आली नाही. नगरच्या अलीकडे इमामपूरच्या घाटात गाडीने दम सोडला. पाय पार दाबला तरी ती रांगत राहिली. मागून ट्रकवाले हॉर्न देत, वर हात बाहेर काढून शिव्या देत पुढे जायचे, ते शब्द नव्या नवरीला ऐकावे लागले. घाटातूनच माघारी फिरले. देवाच्या वाटेवरून परत येणं म्हणजे काय, हे सुगंधाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढे अंबिकाची पहिली दिवाळी आली. तिला माहेरी कन्नडकडे सोडायला निघाले, तर दौलताबादच्या घाटात पुन्हा तेच. गंमत अशी की एरवी हीच गाडी कंपन्यांमधल्या पाळ्यांची माणसं आणत-नेत होती आणि एका शब्दाने कुरकुरत नव्हती. अंबिका बसली की गाडी बसायची. गावातल्या पिठाच्या गिरणीपुढच्या ओट्यावर कुणीतरी पहिल्यांदा 'पायगुण' हा शब्द काढला आणि तो पिठाच्या डब्याबरोबर घरी आला.

सुगंधाबाई सासू म्हणून वाईट नव्हती. सुनेची पाळी रात्रीची असली तर भाकरी फडक्यात बांधून ठेवायची, वर ठेच्याचा गोळा. गाडीच्या बाबतीत तिने कधी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाली, "थोडे दिवस गाडीत बसू नको, बाई." त्या थोड्या दिवसांचे महिने झाले. खंडेराव आईपुढे गप्प राहिला आणि बायकोपुढेही गप्प राहिला. आपण दोन्ही पारडी सारखी ठेवली असं त्याला वाटत होतं. पारड्यात बसलेल्या बाईला काय वाटतं, हे त्याने विचारलं नाही.

अंबिकाला सगळ्यांत वाईट याचं वाटत होतं की आता तिलाही शंका येऊ लागली होती. बारावी झालेली, मशीनवर काम करणारी मुलगी, पण रिक्षा सिग्नलला थांबली तरी तिच्या मनात येऊन जायचं, माझ्यामुळं तर नाही?

आणि परवा सुगंधाबाई जेवताना म्हणाली होती की या गॅरेजवाल्यालाही जमलं नाही तर गाडी विकून टाकू. सासरे मुंजाबा यांनी मेंढरांचा अर्धा कळप विकून घेतलेली गाडी. विकली असती तर आणखी एखादी घेता आली असती. पण दोष न सापडताच गाडी दारातून गेली, तर अंबिकावर आलेला बोल मग कुणालाच खोडता येणार नव्हता. जन्मभर तो तिच्या नावावर राहिला असता. म्हणून ती आज सुट्टी टाकून आली होती.

बद्रीनाथने फ्यूज पाहिले. मग हात लांबवून, टर्बोशेजारच्या काळ्या डबीत शिरणाऱ्या तारांना मागूनच मीटरच्या सुया लावल्या.

"कनेक्टर काढून बघ की," खंडेराव म्हणाला. "मागच्यानं तसंच केलं होतं."

"आणि गाडी चालू झाली, हो ना? मग काही दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कनेक्टर काढून घातला की दोष लपून बसतो, भाई. आधी त्याला पकडायचा, मग हात लावायचा." त्याने मीटर बघितला. "करंट येतोय. अर्थिंग पण बरोबर आहे."

मग गाडी बंद करून त्याने त्या दोन बोलणाऱ्या तारा मोजल्या. एकमेकींना पीळ घालून गेलेल्या होत्या, एक पिवळसर आणि एक हिरवी. मीटरचा आकडा साठाच्या आसपास येऊन थांबला आणि बद्रीनाथने मान डोलावली.

"रस्ता धड आहे. गाव पण धड आहे. वेशीपाशीच काहीतरी अडलंय." तो खंडेरावकडे वळला. "माझी स्कूटर घे आणि क्रांती चौकातून कनेक्टर धुवायचा स्प्रे आण. माझा संपलाय. दुकानदाराला माझं नाव सांग, नाहीतर साधं रॉकेल देईल डब्यात भरून."

खंडेराव गेला. गॅरेजमध्ये तिघंच उरली.

"आता मला दोन माणसं लागतील," बद्रीनाथ म्हणाला. "मावशी, तुम्ही बॅटरी धरा. उजेड माझ्या हाताबरोबर फिरला पाहिजे. आणि ताई, तू आत बसून पडदा बघ. टर्बोपुढं आत्ता 'कनेक्टेड' लिहिलंय. ते गेलं की 'गेला' म्हणून ओरड, आलं की 'आला'."

अंबिकाने गाडीचं दार उघडलं आणि ती तशीच थांबली.

"उभ्यानंच बघ," सुगंधाबाई हलक्या आवाजात म्हणाली.

"उभ्यानं का? मान मोडेल तिची."

 मग अंबिकानेच सांगून टाकलं. एवढे दिवस जे शब्द दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले ते स्वतःच्या तोंडून काढताना तिचा आवाज कोरडा झाला होता.

"मी बसले की गाडी बंद पडते."

बद्रीनाथने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. हसला नाही.

"मग तर बसच, बाई! मला ती बंदच पाडायचीय. सकाळपासून दोष यायची वाट बघतोय मी. बस, बस, उपकार होतील."

अंबिकाने सासूकडे पाहिलं. सुगंधाबाई बॅटरीचं बटण चाचपत होती. अंबिका ड्रायव्हरच्या सीटवर बसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच त्या सीटचं उसवलेलं कव्हर तिच्या हाताला लागलं. बद्रीनाथने इंजिन चालू करायला सांगितलं. इंजिन धडधडलं आणि मग एका लयीत लागलं.

"बसलीस? नीट बसलीस? गेला?"

"नाही. आहे."

"जोर लावून बस जरा."

"आहे अजून."

"मग तुझ्याच्यानं काही होत नाही, ताई. मलाच हलवावं लागणार," असं म्हणून तो बॉनेटमध्ये शिरला.

अंबिकाला हसू आलं. पडद्याच्या काचेत ते तिला स्वतःलाच दिसलं आणि तिने घाईने ओठ मिटले.

बद्रीनाथने तारांचा जुडगा ड्रायव्हरच्या बाजूने धरला आणि वीत-वीत पुढे सरकत हलवू लागला. सुगंधाबाई टाचा उंचावून उजेड धरत होती. विताना मेंढी अडली की मुंजाबासाठी रात्री रानात कंदील धरलेला तिचा हात. तो हलायचा नाही.

"आहे... आहे... आहे..." अंबिका म्हणत राहिली. तारा गाडीच्या बॅटरीपाशी आल्या, इंजिनाच्या मागून वळल्या, खाली उतरल्या. "आहे... आहे... गेला!"

बद्रीनाथचा हात होता तिथे थिजला.

"आला," अंबिका म्हणाली. "गेला. आला. गेला!" तिचा आवाज पोरीसारखा चिरकला. इंजिनाचा सूरही बदलला होता, जड झाला होता. इमामपूरच्या घाटात ऐकलेला तोच सूर. पण आज तो सूर एका माणसाच्या बोटांच्या इशाऱ्यावर येत-जात होता. ती मुठी आवळून नुसती मागे टेकून बसली होती.

"बंद कर. सापडला."

इंजिन निवेपर्यंत बद्रीनाथने तंबाखू मळली. मग काळ्या डबीच्या कनेक्टरची कडी अंगठ्याने दाबली आणि तो ओढून बाहेर काढला. अंबिका उतरून सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली. बद्रीनाथने कनेक्टरचं तोंड वर केलं.

"मावशी, उजेड."

आत पिवळं होतं. पिनांच्या मुळाशी, रबराच्या कडेने, सगळीकडे वाळलेली पिवळी खळ बसली होती. एका पिनेवर तिला हिरवी झाक आली होती. बद्रीनाथने नखाने थोडं खरवडलं, बोटांत चोळलं, नाकापाशी नेलं.

"तांब्याला हिरवा गंज चढतो, ते माहीत आहे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "हे पिवळं काय? हळदीचा वास येतोय."

उजेड कनेक्टरवरून घसरला आणि जमिनीवर पडला.

"मावशी, उजेड धरा."

सुगंधाबाईने बॅटरी पुन्हा वर केली. 

"भंडारा हाय त्यो," ती म्हणाली.

तिच्या कपाळावर तोच होता. खंडोबाला वाहिलेली हळद, जी तिच्या पिशवीत बटव्यात सदा असे. कुणी गावाला निघालं की चिमूटभर कपाळाला, घरात बाळ आलं की त्याला, कळप रानात निघाला की पुढच्या मेंढ्याला.

"इंजिनात?" बद्रीनाथने विचारलं. आवाज त्याने फार सांभाळून ठेवला होता.

"जेजुरीला निघालो तवा खंड्यानं तेल बघाया गाडीचं म्होरचं झाकण उघडलं व्हतं. म्हनलं, लांबचा पल्ला हाय, नवी नवरी हाय गाडीत. चांगला मूठभर टाकला. नारळ फोडला त्याचं पानी बी शिंपडलं." तिने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. "मंग गाडी बिघडली. बिघडली म्हनून दिवाळीला निघताना पुन्यांदा टाकला. जास्तीचा. खाली, आतपर्यंत. मेंढराला आतून दुखणं असलं तर वरून हळद लावून काय व्हतंय? जखमंतच भरावी लागती."

"आणि एरवी? शेंद्र्याला पाळीची माणसं नेताना?"

"तवा कशाला टाकील? रोजचीच वाट ती."

बोलता बोलता तीच थांबली. तिने दोन बोटं दुमडली, जेजुरी आणि दिवाळी, आणि त्या बोटांकडे बघत राहिली. सून गाडीत बसली की गाडी अडत होती, यात तिचं काही चुकलं नव्हतं. तिने बरोबर पाहिलं होतं. सून बसायची म्हणून ती भंडारा टाकायची, हे मधलं तेवढं तिच्या नजरेतून सुटलं होतं.

अंबिकाला आधी एकदम हलकं वाटलं, डोक्यावरचा भारा कुणी दोन हातांनी उतरवून घ्यावा तसं. मग राग आला. चांगला, सरळ, गरम राग. गिरणीपुढून मान खाली घालून गेलेल्या सगळ्या संध्याकाळी त्यात होत्या.

"मला आजसुद्धा रिक्षानं यावं लागलं, आत्या," ती म्हणाली. घरच्या रीतीप्रमाणे ती सासूला आत्या म्हणे.

"व्हय," सुगंधाबाई म्हणाली.

 तिने कारण सांगितलं नाही, ती रडली नाही, देवाचं नाव मध्ये आणलं नाही. बॅटरी विझवून ती स्टुलावर जाऊन बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून समोरच्या टायरच्या ढिगाकडे बघू लागली. पाठीत वाकून बसली होती. अंबिकाने तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

स्कूटर आली. खंडेराव स्प्रेचा डबा नाचवत आत शिरला.

"घावला का दोष?"

बद्रीनाथने तंबाखूची पिचकारी टाकायला तोंड फिरवलं आणि तो तसाच पाठमोरा उभा राहिला. उत्तर द्यायचं काम त्याने दोघींवर सोडलं होतं.

अंबिकाचा राग गेला नव्हता. पण बोल लागलेलं माणूस चारचौघांत कसं उभं राहतं ते तिला ठाऊक होतं, आणि त्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करायचं तिच्या जिवावर आलं.

"कनेक्टरात पाणी गेलं होतं," ती म्हणाली.

"पाणीच," बद्रीनाथ म्हणाला. "पाण्यानंच खाल्लं सगळं."

खंडेरावने डबा गाडीच्या मडगार्डवर आपटला.

"मला वाटलंच! त्या मोतीरामचं काम. वॉशिंग सेंटर काढलंय म्हणे! फवारा मारतो तो सरळ इंजिनात, हज्जारदा सांगितलं त्याला. वर्ष घालवलं माझं. आज जाऊन बघतोच त्याच्याकडं. सगळ्या गावापुढं काढतो त्याची."

"खंडेराव."

हाक स्टुलावरून आली होती. सुगंधाबाई त्याला नेहमी खंड्या म्हणे. पूर्ण नाव ऐकून तो वळला.

"मोतीरामला काय बोलू नको. त्यानं कायबी केलं नाय." ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, पण उठलीच. "भंडारा हाय त्यो. म्या टाकला. दोन्ही टायमाला म्याच टाकला, आन् बोल हिच्यावर आला. आता आनिक तिसऱ्यावर नको."

खंडेरावने कनेक्टर हातात घेऊन पाहिला. मग आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. इतके दिवस दोन्हीकडे गप्प राहून जमवलेला तोल आता कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"मी पण बघितलं होतं तू टाकताना," तो शेवटी म्हणाला. "झाकण मीच धरलं होतं." आणि मग, अंबिकाकडे न बघता, "चुकलंच माझं. रिक्षाचं."

"ते घरी जाऊन बोला," बद्रीनाथ म्हणाला. "आता मला बोलू द्या, त्या टर्बोशी."

पुढचा तास त्याने खरोखर कुणाला बोलू दिलं नाही. पिना स्प्रेने धुतल्या, बारीक ब्रशने घासल्या, हवा मारून वाळवल्या. जी पिन खाल्ली गेली होती ती बदलली, तिची तार नव्याने दाबून बसवली, ओढून पाहिली. कनेक्टरचं चिरलेलं रबर काढून नवं घातलं. मग खट्‌कन्‌ आवाज करत तो डबीत बसवला आणि स्कॅनर लावून होता नव्हता तेवढा जोर लावून तारा हलवल्या. पडद्यावरचा शब्द जागचा हलला नाही.

"आता चढावर न्यायची," तो हात पुसत म्हणाला. "दौलताबादच्या घाटात. जिथं पडली तिथंच उठवू."

निघताना, सवयीने, सुगंधाबाईचा हात पिशवीत गेला आणि बटवा बाहेर आला. बॉनेट अजून उघडं होतं. बद्रीनाथने ते इतक्या घाईने आपटून लावलं की त्याचंच बोट सापडता सापडता राहिलं.

"नाय टाकत रे बाबा," सुगंधाबाई म्हणाली. त्या दुपारी ती पहिल्यांदाच हसली, ओशाळून, पदर तोंडावर घेऊन. चिमूट मात्र बोटांत तशीच होती. ती वळली आणि तिने ती अंबिकाच्या कपाळाला लावली. रोजच्यासारखी टिकलीएवढी लावली नाही. एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत आडवी, भरघोस ओढली. उरलेली खंडेरावला आणि बद्रीनाथला.

"पडदा बघायची सवय हिला झालीय," बद्रीनाथ म्हणाला. "पुढं हीच बसेल."

"मंग, दुसरं कोन बसंल?" असं म्हणून सुगंधाबाई स्वतः मागच्या सीटवर चढली.

शहर मागे पडलं. किल्ला दिसू लागला, मग वेस ओलांडून रस्ता वर चढू लागला. माघातलं ऊन सीताफळीच्या झुडपांवर तिरकं पडलं होतं. दिवाळीला गाडी जिथे थांबली होती त्या वळणाशी खंडेरावने नकळत पाय सैल केला.

"सोडू नको. दाब," मागून बद्रीनाथ म्हणाला.

खंडेरावने पाय दाबला. शिट्टीसारखा बारीक सूर उठला आणि गाडी सगळ्यांना सीटला टेकवत वर निघाली. एक भरलेला ट्रक मागे पडला, मग एस.टी. अंबिकाचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. सुगंधाबाईने डोळे मिटून घेतले होते, ओठ पुटपुटत होते.

"बोलतोय का गं त्यो?"

"बोलतोय, आत्या."

"आता?"

"आताही बोलतोय."

वर पोचल्यावर खंडेरावने गाडी बाजूला घेतली आणि तो नुसता हसत बसला. बद्रीनाथने स्कॅनरची वायर गुंडाळायला घेतली. अंबिकाला वाटलं आपल्याला आता रडू येईल, आणि आलंही, थोडंसं. तिने ते भंडाऱ्याला न लागू देता बोटाने टिपलं.

बद्रीनाथला गॅरेजवर सोडून ते जालना रोडने घराकडे निघाले तेव्हा कंपन्या सुटल्या होत्या. रस्त्याला गर्दी होती.  सुगंधाबाईने एकदा येणारा आयतवार, म्हणजे खंडोबाचा रविवार, कोणत्या तारखेला पडतो ते विचारलं, आणि जेजुरीला पहाटे निघालं तर ऊन व्हायच्या आत पोचू का, ते विचारलं. भंडारा आता देवाच्या पायरीवरच उधळीन, असंही म्हणाली. खंडेरावने आरशातून मान हलवली.

गावात वळल्यावर ती म्हणाली,

"हळू घे. गिरणीपाशी थांबव."

"दळण कुठं आणलंय आपण, आई?"

"ठावं हाय मला."

गिरणी चालू होती. ओट्यावर डबे ओळीने लावलेले आणि त्यांच्या मागे पाच-सहा बायका, संध्याकाळच्या नेहमीच्या. गाडी थांबली तशा त्यांच्या माना वळल्या. अंबिकाची मान, महिन्यांच्या सवयीने, आपोआप खाली गेली.

"अंबिका," मागून सासू म्हणाली, "काच खाली घे."

अंबिकाने बटण दाबलं. काच निम्मी उतरली.

"सगळी घे, पोरी."

काच सगळी खाली गेली. गरम पिठाचा वास आत आला. सुगंधाबाईने मागच्या खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओट्यावरच्या बायकांना एकेकीच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली.